मागल्या दारची आंघोळ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे साल परिचारिका व सुईणी यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आधीच जाहीर करून ठेवले होते. परिसंवाद, स्मृतिचिन्हे, शाली आणि श्रीफळे यांच्या साग्रसंगीत बंदोबस्तात ते वर्ष पार पडले असते आणि आपण ते यथाकाल विसरूनही गेलो असतो. परंतु ११ मार्च रोजी त्याच संघटनेला कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित करावे लागले, आणि ज्यांचा गौरव करावयाचा त्यांच्या रजा रद्द झाल्याचे हुकूम सुटू लागले. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात आढळले होते. पंधरवड्याच्या आत, २२ मार्चच्या सायंकाळी पाच वाजता, गच्च्यांवरून आणि सज्ज्यांतून थाळ्या, घंटा व शंख वाजले. ३ मे रोजी सेनादलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. या दोन्ही प्रसंगांची छायाचित्रे पुष्कळांच्या संग्रही असतील. त्याच दिवसांत ड्यूटी संपवून परतणाऱ्या परिचारिकेला इमारतीच्या दारातच थांबवून, ‘सिस्टर, तुम्ही काही दिवस हॉस्पिटलातच राहिलात तर बरं पडेल,’ असे अत्यंत सौजन्याने सुचविणाऱ्या सोसायटीच्या चिटणीसांचे छायाचित्र मात्र कोणी काढलेले नाही.

महासाथीच्या काळात आरोग्यसेवेतील स्त्रियांच्या मनावर काय भार पडला असेल, हा विषय निघाला की ऐकणारा सहानुभूतीने मान हलवतो, आणि ती भीती मरणाची असणार असे बहुधा गृहीत धरतो. सातारा जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयातल्या परिचारिका, डोंगरी वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या आशा व त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, आणि मुंबईच्या दाट वस्तीत घरोघर फिरलेल्या आरोग्य स्वयंसेविका यांच्याशी माझे जे बोलणे झाले, त्यात मरणाचा उल्लेख आला तो क्वचित, आणि आला तेव्हा घाईघाईने. वारंवार येत राहिल्या त्या निराळ्याच गोष्टी: सासूचा दमा, धाकट्याचे अंगावरचे दूध, कंत्राटाची मुदत, मास्कची मोजदाद, घरमालकाचा तगादा, आणि आजारी पडल्यास ते दिवस हजेरीपटावर कोणत्या रकान्यात जाणार हा प्रश्न. माझे मत बनले आहे ते येथेच सांगून टाकतो. त्यांच्या चिंतेत मनाचा विकार असलाच तर तो अल्पांशाने होता. बव्हंशी ती चिंता म्हणजे परिस्थितीचा अचूक हिशेब होता, आणि तो मांडण्याचे काम घराने व सरकारने मिळून त्यांच्याच शिरावर टाकलेले होते.

चिंता मोजण्याची सात प्रश्नांची एक पट्टी मानसोपचाराच्या क्षेत्रात २००६ पासून प्रचलित आहे. गेल्या दोन आठवड्यांत जीव किती वेळा धास्तावला, काळजी आवरेनाशी कितीदा झाली, काही भयंकर घडणार असे किती दिवस वाटले, अशा प्रश्नांना शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे. बेरीज एकवीसपर्यंत जाते, आणि ती दहा वा अधिक आली की दखल घ्यावी असा संकेत आहे. साथीच्या अगदी आरंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिका यांना हे प्रश्न, आणि नैराश्य व झोप यांविषयीचे आणखी काही, विचारण्यात आले. त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या. ४४.६ टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणे आढळली, ३४ टक्क्यांची झोप उडालेली होती, आणि ७१.५ टक्के कोणत्या ना कोणत्या मनःक्लेशात होते; शिवाय स्त्रिया, परिचारिका आणि रुग्णाला प्रत्यक्ष हात लावणारे यांचा त्रास इतरांहून तीव्र होता. त्यानंतर जगभर अशा पाहण्यांचे पीक आले आणि बहुतेकींनी हेच सांगितले. आता यावरून ‘बायकांचा स्वभावच हळवा’ असा निष्कर्ष काढणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या ध्यानात एवढेच येत नाही की स्त्री असणे, परिचारिका असणे आणि रुग्णाच्या उशाशी उभे असणे या तीन गोष्टी रुग्णालयात बहुधा एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेल्या असतात. डॉक्टर फेरीला येतो, शेरा लिहितो आणि पुढे जातो; सिस्टर सहा तास तेथेच असते. तिघींचा त्रास वेगवेगळा मोजावा तर तिघी मिळून एकच बाई निघते. आणि त्या सात प्रश्नांत, मास्क तोंडावर नीट बसतो का, असा आठवा प्रश्न नाही.

मास्क नीट बसत नव्हता. साताऱ्याकडच्या ज्या अधिपरिचारिकेशी माझे सविस्तर बोलणे झाले, त्यांची नोकरी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. पदरात तीन वर्षांचा मुलगा, घरी दम्याच्या सासूबाई आणि सातारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा, टाळेबंदीत घरी बसलेला नवरा. बाई ठेंगण्या, चेहरा लहान. जो संरक्षक पोशाख पुरवठ्यात आला तो आडमाप उंचीच्या पुरुषाला व्हावा असा. पायाकडचा भाग दुमडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय चालता येत नसे. चढविण्याचा क्रम ठरलेला. आधी बांगड्या, जोडवी, कानांतले, मंगळसूत्र काढावयाचे. केस घट्ट बांधून टोपीत. मग हातमोज्यांचा पहिला जोड, त्यावर झग्याची बाही, बाहीवर दुसरा जोड आणि मनगटाशी चिकटपट्टी. नाकातोंडावर एन-९५, त्यावर साधा मास्क, डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेसशील्ड. शेवटी सहकारिणीने पाठीवर मार्करने नाव लिहावयाचे, कारण एकदा आत गेल्यावर कोण कोण आहे हे कोणालाच ओळखू येत नसे. दहा मिनिटांत गॉगलवर वाफ धरे. दोन हातमोज्यांतून म्हाताऱ्या माणसाची शीर बोटाला लागत नसे, आणि ती लागेपर्यंत तोंडापासून वीतभर अंतरावर तो खोकत राही. ‘गालापाशी मास्कला फट राहायची,’ त्या म्हणाल्या, ‘मला कळत होतं. खोकला की त्या फटीतून गार लागायचं.’ ही धास्ती मोजण्यास कोणती पट्टी लावावी हे मला ठाऊक नाही. माझ्या मते ती धास्ती नव्हती, निरीक्षण होते.

आत गेल्यावर सहा तास पाणी नाही, कारण पाणी प्यावे तर पुढचे ओघानेच आले, आणि त्यासाठी पोशाख उतरविला की तो वाया गेला; वाया गेलेल्या पोशाखाचा जाब परिसेविकेला द्यावा लागे, कारण तिच्याकडे अधिसेविकेची, आणि अधिसेविकेकडे वरिष्ठांची नोंदवही होती. पाळीच्या दिवसांचा प्रश्न ज्या त्या बाईने आपापल्या परीने सोडविला. कोणी मोठ्या माणसांचे डायपर बांधले, कोणी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली आणि ती नंतर महिनोनमहिने रुळावर आली नाही. या विषयावर एकही परिपत्रक निघाले नाही. साबणाने हात किती सेकंद धुवावेत यावर निघालेल्या परिपत्रकांची चळत मात्र त्यांनी मला दाखविली.

परंतु दिवसाचा खरा कठीण भाग ड्यूटी संपल्यावर सुरू होई. घराला पुढचे आणि मागले अशी दोन दारे. बाईंनी पुढच्या दाराने आत जाणे मार्च महिन्यातच सोडून दिले. त्यांच्या येण्याच्या वेळी सासूबाई परसात बंब पेटवून ठेवीत, दोन बादल्या, साबण आणि धुतलेले कपडे दगडावर मांडीत आणि आत जाऊन मधले दार लावून घेत. उघड्या परसात जुनेर आडवे बांधून बाई डोक्यावरून आंघोळ करीत. पावसाळ्यात वरून पाऊस आणि खालून कढत पाणी. अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात, मोबाइल आणि किल्ल्या सॅनिटायझरने पुसून खिडकीत. हे सगळे चालू असता मुलगा मधल्या दारावर थापा मारीत असे. पाणी डोक्यावरून ओतताना त्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून आपण पितळी तांब्या मुद्दाम बादलीवर आपटत असू, असे त्या सांगत होत्या, आणि सांगताना हसत होत्या. रात्री त्या माजघरात एकट्या निजत, मुलगा आजीपाशी. पाडव्याच्या दिवशी डब्यात ठेवलेले मंगळसूत्र त्यांनी पुन्हा घातले ते वर्षभराने, आणि मध्यंतरी आळीतल्या एकीने त्यावरून काही शब्द काढला तेव्हा सासूबाईंनी तिला ओसरीवरच सुनावले, की जीव ऱ्हायला तर दागिने घालायला दिवस पुष्कळ हायेत.

‘मला झाला असता तर चौदा दिवस पडले असते आणि उठले असते,’ बाई म्हणाल्या. सासूबाईंना त्या आत्या म्हणतात. ‘आत्यांना झाला असता तर? त्या बाजारात जात नव्हत्या, देवळात जात नव्हत्या. घरात यायला त्याला एकच वाट होती, ती मी.’ या वाक्यात मला साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. सैनिकाला, अग्निशामक दलाच्या माणसाला, खाणकामगाराला धोका असतो. पण तो धोका कामाच्या जागी राहतो आणि माणूस घरी येतो. येथे धोकाच पदराला धरून घरापर्यंत येत होता, आणि ज्या घरात आजाऱ्याचे, पोराचे व म्हाताऱ्याचे पाहणे हे परंपरेने जिचे काम, तीच आता त्या तिघांची वैरीण ठरण्याचा संभव होता. पुरुष डॉक्टरांनाही हीच भीती होती हे खरे. तथापि त्यांच्यापैकी बहुतेकांचा ताटपाणी मांडण्याशी, पोर निजविण्याशी संबंध अल्प. वेगळ्या खोलीत राहिले की त्यांचा प्रश्न पुष्कळसा सुटे. बाई वेगळ्या खोलीत राहिली की घरातील भाकरी कोणी थापावयाची येथपासून प्रारंभ. या बाईंच्या नवऱ्याने त्या वर्षात भाकरी शिकून घेतली, ही या कहाणीतील त्यातल्या त्यात आनंदाची बाब.

मुंबईच्या खाजगी रुग्णालयांतल्या केरळी मुलींची तऱ्हा अगदी उलट. त्यांचे घर हजार मैलांवर; संसर्ग घरी नेण्याचा प्रश्न नव्हता, पण एका खोलीत चार-सहा जणी राहत असल्याने तो एकमेकींना देण्याचा होता. एप्रिल २०२० च्या आरंभी शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि ती सबंध इमारत प्रतिबंधित क्षेत्र ठरली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर, ज्या पूर्वाश्रमीच्या परिचारिका, आपला जुना गणवेश चढवून नायर रुग्णालयात परिचारिकांच्या भेटीला गेल्या. त्या दृश्याची काहींनी थट्टा केली. मला ती अनुचित वाटली. निदान त्यांना त्या पोशाखाचे वजन माहीत होते.

आता आशांकडे वळतो, कारण हिशेबाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग त्यांच्याकडे आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार वस्तीमागे एक अशी ही योजना झाली. आशा गावातलीच सून असावी, लिहिता-वाचता येणारी असावी, आणि ती सरकारची नोकर नसून स्वयंसेविका असावी, असे ठरले. म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. बाळंतपणानंतर नवजात बालकाच्या घरी ठरलेल्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये, अशा धर्तीचा. महासाथ आल्यावर तिच्याकडे आलेल्या कामांची यादी मोठी आहे: परगावाहून आलेल्यांची नोंद, हातावर विलगीकरणाचा शिक्का असलेला माणूस घरात बसतो की पारावर याची खबर, शाळेत ठेवलेल्यांचे तापमान, आणि १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजणे. या सर्वांसाठी केंद्र सरकारने दरमहा एक हजार रुपये जादा मंजूर केले. रोजचे तेहतीस रुपये होतात. संरक्षणाची सामग्री म्हणून एका आशाताईंना आरंभी मिळाली ती दोन मास्क आणि बोटभर सॅनिटायझर. पुढचे मास्क त्यांनी जुन्या ओढणीचे शिवले.

या ताईंच्या वाडीत निम्मी घरे मुंबईवर जगणारी. मे महिन्यात मुंबईकर टेम्पोंतून, दुचाकींवरून, काही पायी, परतू लागले. ताईंच्या चुलत दिराचा मुलगा घाटकोपरहून रात्रीचा आला आणि गुपचूप घरात शिरला. सकाळी ताईंनी वही उघडली. नाव लिहावे तर भावकी तुटते. न लिहावे आणि उद्या गावात रोग पसरला तर गाव म्हणेल, आशानेच आपल्या घरचा लपवला. त्यांनी नाव लिहिले. मुलाला चौदा दिवस शाळेत निजावे लागले, त्याला काहीही झाले नाही, आणि त्यामुळेच रोष वाढला. पुढच्या संक्रांतीला त्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे ताईंना आले नाही. ‘ताई, तुम्ही दारात आलात की मागनं गाडी येती,’ असे बायका तोंडावर म्हणत. गाडी म्हणजे रुग्णवाहिका. ज्या बायकांची बाळंतपणे त्यांनी रात्री-अपरात्री जीपगाडीतून नेऊन सुखरूप केली, त्याच खोकला लपवू लागल्या. ताईंना झोप लागेनाशी झाली ती या काळात. डॉक्टरांनी विचारले, कशाची भीती वाटते? त्यावर, ‘वहीची,’ असे त्यांनी उत्तर दिले.

हे ऐकताना मला अपरिहार्यपणे १८९७ चे पुणे आठवते. प्लेगचा पहिला रोगी सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. आणि पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. त्या झडत्यांचा संताप कोठवर गेला हे प्रत्येक मराठी शाळकरी मुलास पाठ आहे. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी अवस्था होती तिच्याविषयी पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले, हे मात्र फारसे कोणास पाठ नाही. लोकांच्या घरात रोग शोधावयाचा म्हटला की राज्यसत्तेला कोणी तरी उंबरठा ओलांडणारे माणूस लागते. तेव्हा तिने परका, बंदूकधारी, पगारी माणूस धाडला. २०२० साली भावकीतली सून धाडली, तापमापक देऊन, बिनपगारी. दुसरी तजवीज अधिक माणुसकीची होती यात संशय नाही. पण पहिलीत लोकांचा राग सोजिरावर गेला आणि सोजीर संध्याकाळी बराकीत परतला. दुसरीत तो राग जिच्यावर गेला तिला त्याच पाणवठ्यावर दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन जावयाचे होते.

त्याच प्लेगात, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा त्याग आपण यथोचित वंदनीय मानतो. मला मात्र एक शंका आहे, आणि ती मी भीतभीतच मांडतो: त्यागाची ही थोर प्रतिमा आपण पुढच्या पिढ्यांतील सेविकांपुढे इतकी उंच उभी करतो की, तिच्या छायेत उभे राहून ‘मला भीती वाटते, मला मास्क हवा’ असे म्हणणे लाजिरवाणे होऊन बसते. ‘कोविड योद्धा’ या पदवीने हेच केले. योद्ध्याने चिलखत मागावयाचे नसते, रजा तर नाहीच.

१८९७ च्या त्या कायद्याची मूळ कलमे अवघी चार. शेवटचे कलम त्या कायद्यान्वये सद्भावनेने काम करणाऱ्यांवर दावा चालणार नाही असे अभय देते. पण तसे काम करताना दगड लागला तर काय, यावर ते मूक होते. सव्वाशे वर्षांनी, २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने ती उणीव भरून काढली: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरला, गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कैद ठरली, आणि राहत्या जागी छळणे हेदेखील हिंसेच्या व्याख्येत आले. पन्नास लाखांचा विमाही झाला, आणि आशांचा त्यात समावेश होता. कागदावर हे सर्व उत्तम. परंतु विम्याच्या रकमेसाठी मृत व्यक्ती कोविडच्या कामावर तैनात होती असा दाखला लागे, आणि ज्यांची नियुक्ती तोंडी, ज्यांची हजेरी एका वहीत, ज्यांचे मस्टर कोणत्याच कार्यालयात नाही, त्यांच्या वारसांनी तो दाखला कोठून आणावा? ही शंका मला सुचलेली नाही. एका गटप्रवर्तक ताईंनी ती बैठकीत विचारली होती, आणि ‘तसं काही होणार नाही हो ताई’ असे उत्तर मिळाले होते.

विषाणू सर्वांना सारखा लेखतो असे त्या काळात फार ऐकू येई. चिंता तशी नव्हती. ती हुद्द्याच्या उतरंडीप्रमाणे खाली येताना वाढत जाई. कायम सेवेतल्या अधिपरिचारिकेला घरच्यांची काळजी होती, पण आपण पडलो तरी पगार चालू राहील हे तिला ठाऊक होते. तिच्या शेजारी तोच पोशाख घालून उभ्या असलेल्या कंत्राटी मुलीला घरच्यांची काळजी होतीच, शिवाय मुदत वाढेल का याची होती. रुग्ण वाढले की नोकरी टिकते आणि ओसरले की जाते, त्यामुळे रोज सायंकाळचे आकडे पाहताना नेमके काय व्हावे असे आपल्याला वाटते, हे स्वतःशी कबूल करण्याचीही तिला चोरी. दुसरी लाट ओसरल्यावर कोविड केंद्रे बंद झाली तेव्हा तिचे काम गेले. आशेला तर मुदतच नव्हती.

रुग्णालयाने मानसिक स्वास्थ्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका दुपारी झूमवर व्याख्यान झाले. साताऱ्याच्या त्या अधिपरिचारिकेने ते स्टोअररूममध्ये सलाइनच्या खोक्यावर बसून ऐकले. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, कुटुंबीयांसोबत वेळ घालवा, असे वक्त्यांनी सांगितले. समुपदेशनासाठी एक फोन नंबरही देण्यात आला. त्यांनी तो लावला नाही, कारण घरात फोन करावा असा कोपरा फक्त परसात होता आणि तेथे आवाज चारी घरांना जाई. त्यांना ज्याने खरोखर बरे वाटले ते निराळेच होते. जुलैत नवी अधिसेविका रुजू झाली आणि तिने पहिल्याच आठवड्यात लहान मापाचे पोशाख मागविले, पाळीतल्या बायकांना चार तासांची ड्यूटी लावली, आणि रुग्णालयाच्या आवारातली पडीक खोली साफ करून तेथे गरम पाण्याची न्हाणी केली, म्हणजे आंघोळ करूनच घरी जाता यावे. यासाठी तिने कोणाची लेखी मंजुरी घेतली नाही. त्या महिन्यात वॉर्डातल्या बायका पुन्हा डबे वाटून खाऊ लागल्या, लांब लांब बसून का होईना.

आशांना असे कोणी भेटले नाही, म्हणून त्यांनी स्वतःच हालचाल केली. १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा व गटप्रवर्तक बेमुदत संपावर गेल्या. साथ पुरती सरली नसताना संप, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. टीका करणाऱ्यांत थाळ्या वाजविणारे किती होते याची मोजणी झालेली नाही. आठवडाभराहून थोडा अधिक काळ चाललेल्या त्या संपानंतर सरकारने आशांना दरमहा एक हजाराची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य केला. वाडीच्या ताईंचे म्हणणे असे की, संपाच्या त्या दिवसांत तहसील कचेरीपुढच्या मांडवात बसल्या असता त्यांना दुपारी चक्क झोप लागली, वर्षभरात प्रथमच. शेजारी पन्नास बायका होत्या आणि एकीलाही दुसरीपासून काही लपवायचे नव्हते.

२२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा सामुदायिक सन्मान केला. ही बातमी ताईंना गटप्रवर्तकांकडून फोनवर कळली, तेव्हा त्या लसीच्या दुसऱ्या मात्रेवाचून राहिलेल्यांची यादी करीत एका ओसरीवर बसल्या होत्या. अभिनंदन झाल्यावर ताईंनी विचारले, मोहिमेच्या सर्व्हेचे पैसे अजून आले नाहीत, ते या बक्षिसाबरोबर जमा होतील का. गटप्रवर्तक म्हणाल्या, ‘ते वेगळं हेड आहे, ताई.’